चवीपुरतं म्हणजे किती तोळे

हातात काही आलं की आमचे एक शेजारी आधी डोळे मिटायचे. मग ती वस्तू दोनदा खालीवर करायचे आणि वजन सांगायचे. नारळ दिला तरी तेच, कुणी कौतुकानं मूल दिलं तरी तेच. बारशाच्या दिवशी माझ्या नणंदेनं बाळ त्यांच्या हातात ठेवलं. बाकीचे नाक आईवर आणि कपाळ बापावर असं म्हणत होते. ते म्हणाले, "सव्वातीन शेर. दुपट्यासकट."

ते लातूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मापाडी होते. निजामाच्या राज्यातली गोष्ट. आडतीवर ज्वारी, तूर आली की मोठ्या काट्यावर तोलायची आणि मोठ्यानं मोजायचं, हे त्यांचं काम. मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, आणि मग दोन, तीन. ते घरी विहिरीवरून पाणी आणतानाही पहिल्या घागरीला लाभ म्हणायचे.

मी कंधारची. चौथी झाले आणि लग्न होऊन लातूरला आले. परक्या पुरुषाशी बोलायची रीत नव्हती, आणि असती तरी मी बोलले नसते. मला घरच्यांशी बोलतानाही घाम फुटायचा. आमच्या आणि त्यांच्या अंगणात एक भिंत होती, माझ्या नाकाएवढी. त्यांच्याबद्दल मला जे माहीत आहे ते सगळं त्या भिंतीवरून. तुम्हीही कुणाला असं भिंतीवरून ओळखत असाल, तर तुम्हाला ठाऊक असेल की समोर बसून बोलणाऱ्यांपेक्षा आपल्याला जास्त दिसतं.

त्यांची बायको उदगीरची होती. सुगरण. ज्येष्ठात ती तापानं गेली आणि मागं सहा वर्षांची मुलगी राहिली. मुलगी मुळातच काटकुळी. आई होती तेव्हा गोष्टी सांगून, कावळे दाखवून चार घास जास्त भरवायची. ती गेल्यावर मुलगी तिसऱ्या घासाला "साकू" म्हणून उठू लागली. साकू म्हणजे पुरे. आईकडून उचललेला तेवढा एक कानडी शब्द तिच्याजवळ होता, आणि दोन्ही वेळा त्याचाच उपयोग व्हायचा.

दिवसकार्य झाल्यावर तिची उदगीरची आजी, अव्वा, जायला निघाली. तिनं नातीला उचलून पाहिलं आणि तिथंच अंगणात जावयाला ठणकावलं, "यळवशीला मी येणार. तंवर पोर अंगानं भरली न्हाई, तर उदगीरला घेऊन जाणार. बाप्याच्या हातचं खाऊन लेकरू जगत असतंय व्हय?"

ते म्हणाले, "भरली म्हंजे किती भरली, अव्वा?"

"भरली म्हंजे भरली!"

"तसं न्हाई. किती शेर?"

अव्वा चिडली. म्हणाली, "दोन शेर!"

त्यांनी मान हलवली. सौदा ठरला असं त्यांना वाटलं असावं. दुसऱ्या दिवशी मुलीला मोंढ्यात नेऊन काट्यात बसवलं. सोळा शेर. म्हणजे मार्गशीर्षातल्या येळवस अमावस्येला अठरा भरायला हवी. तिथून दर आठवड्याला तोलणं सुरू झालं. गल्लीतल्या बाया म्हणाल्या, "पोरीला कुनी तोलतंय का? नजर लागंल." मग ते तिच्यावरून मीठ ओवाळून तिच्याच पारड्यात ठेवू लागले. वजन सांगताना मात्र न विसरता म्हणायचे, "दृष्टीचं मीठ धरलं न्हाई."

आता स्वयंपाक. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, भिंतीवरून त्यांना शिकवू लागल्या.

"वरणात मीठ किती घालू?"

"चवीपुरतं."

"चवीपुरतं म्हंजे किती तोळे?"

"अरे बाबा, हाताला कळतंय ते!"

"माझ्या हाताला मण कळतो, मावशी. चिमूट न्हाई कळत."

ते खरंच होतं. पोत्याला हात लावला की अर्धा शेर कमी आहे हे सांगणारा माणूस मिठाच्या डब्यासमोर हात जोडल्यासारखा बसायचा. एक दिवस वरण अळणी, दुसऱ्या दिवशी खारं. भाकऱ्यांचे गोळे मात्र तोलून घेतलेले, सगळे बरोबर दहा तोळ्यांचे. एकीसारखी एक, आणि एकीसारखी एक कडक. मुलगी ती भाकरी हातात धरून बसायची. "खा गं बाळे," ते म्हणायचे. ती एक कोपरा चावायची, बराच वेळ चघळायची आणि म्हणायची, "साकू."

पण ताटात भाकरी उरायची नाही, म्हणून ते खूश होते. आठवड्याचं वजन मात्र तिथंच, पावणेसोळा आणि सोळाच्या मध्ये. त्यांनी काट्याची दोरी बदलली. वजनांवरचा सरकारी शिक्का पुसून पाहिला. काट्यात दोष नव्हता.

एकदा आमचं वासरू उड्या मारत त्यांच्या अंगणात शिरलं. त्यांनी ते दोन्ही हातांत उचललं, भिंतीजवळ आणलं आणि एकदम थांबले. डोळे मिटले.

"मावशी, हे मागच्या महिन्यात शिरलं होतं तवा उचललं होतं. चार शेर वाढलं की! काय खाऊ घालताय?"

आत्याबाई कुणाची भीड ठेवत नसत. म्हणाल्या, "तुझ्या भाकरी."

मला भिंतीआड तोंडात पदर कोंबून बसावं लागलं. पण हसू संपल्यावर मी पुन्हा डोकावले, तर ते अजून वासरू धरूनच उभे होते. मुलगी दारात उभी होती. ते तिला रागावले नाहीत. वासरू आमच्या बाजूला सोडलं आणि आत गेले. त्या दिवशी त्यांच्या घरी चूल पेटली नाही. दोघांनी आमच्याकडचं खाल्लं, त्यांनी काही न तोलता आणि तिनं साकू न म्हणता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याबाई झोपल्या होत्या. भिंतीवर काहीतरी वाजलं. पाहते तर एक छोटा पितळी तराजू, तोळ्यामाशांची वजनं, आणि पलीकडून त्यांचा आवाज.

"वहिनी, तुम्ही बोलू नका. तुमच्या हाताला जे कळतंय ते ह्या काट्याला सांगा. काटा मला सांगंल."

आत्याबाई झोपल्यात ना, ते मी पाहून घेतलं. मग तराजू उचलून चुलीपाशी नेला.

आयुष्यात कधी मी माझी चिमूट तोलली नव्हती. तुम्ही तरी तोलली असेल का? डाळ शिजली, मी नेहमीसारखं मीठ घेतलं आणि ते वरणात टाकण्याआधी पारड्यात टाकलं. हळद, तिखट, पिठाची मूठ, मळायचं पाणी, सगळं. मग पाटीवरच्या सवयीनं मोठ्या अक्षरांत कागदावर लिहिलं: दोघांचं वरण, डाळ नऊ तोळे, मीठ पाऊण तोळा. चिठ्ठी तराजूसकट मुलीच्या हाती दिली. ती परत आली, "बा विचारतो, पीठ किती मळायचं?" आता मळणं कशात तोलायचं! मी लिहिलं, दोनशे वेळा.

त्या दिवसापासून रोज भाकरीच्या वेळेला पलीकडून मोंढ्यातला आवाज यायचा, "लाभ... दोन... तीन..." दोनशेपर्यंत. आत्याबाई म्हणायच्या, "मापाड्याच्या घरी पोत्यानं धान्य आलंय वाटतं." मी खाली मान घालून भाजी निवडायची.

पण भाकरी मऊ झाली. वरण वरणासारखं लागू लागलं. आणखी एक गोष्ट झाली, जी मी चिठ्ठीत लिहिली नव्हती. तराजू धरायचं काम मुलीकडे आलं. "बा, मीठ जास्त झालं, काढ." "न्हाई झालं." "काटा बघ की!" असं त्या दोघांचं चालायचं, आणि आपण तोललेलं बरोबर झालं का हे पाहायला ती चव घ्यायची. चव घेता घेता अर्धी भाकरी जायची, पुढे एक. दसऱ्याला सव्वासोळा, दिवाळीला सतरा. मोंढ्यातले हमालसुद्धा विचारायचे, "पोरीचा भाव काय हाय आज?"

येळवस आली. त्या दिवशी आमच्याकडे घरात कुणी जेवत नाही, सगळं गाव शेतात. भज्जी, आंबील, बाजरीचे उकडलेले उंडे करून न्यायचे, कडबा उभा करून केलेल्या कोपीत लक्ष्मी पुजायची आणि तिथंच पंगत. ते आमच्याच शेतात यायचे होते. भज्जी त्यांनी एकट्यानं केली, सगळ्या भाज्या, दाणे, बेसन, माझी पाऊण हात लांब चिठ्ठी समोर ठेवून. आणि खांद्यावर काटा घेऊन आले. उदगीरहून अव्वा आली होती. तिनं रिकामं गाठोडंही आणलं होतं, मुलीचे कपडे बांधायला.

पूजा झाली. वाढण्याआधीच त्यांनी बाभळीला काटा टांगला. आत्याबाई म्हणाल्या, "आधी जेवू दे की." ते म्हणाले, "जेवल्यावर तोललं तर लबाडी व्हईल."

एका पारड्यात अठरा शेरांची वजनं मांडली. दुसऱ्यात बसवायला मुलीला उचललं आणि मला दिसलं की त्यांचे डोळे मिटले आहेत. ते तसेच उभे राहिले. मग हळू म्हणाले, "बाळे, ह्यात अर्धा शेर परका हाय."

मुलगी रडायला लागली. तिच्या पोलक्याआड पोटाला फडकं बांधलेलं होतं आणि त्यात गुळाचा खडा. बरोबर अर्धा शेर. तिनंच छोट्या तराजूवर तोलून घेतला होता. तीही बापाचीच लेक.

त्यांनी गूळ काढून बाजूला ठेवला, मुलीला बसवलं. "लाभ," म्हणाले, पण आवाज मोंढ्यातला नव्हता. तिचं पारडं वर राहिलं. साडेसतरा.

अव्वा पुढं आली. म्हणाली, "काटा चुकला म्हन की रे एकडाव. मी काय तपासनीस हाय व्हय?"

"काटा बरोबर हाय, अव्वा."

"अर्धा शेर तर हाय!"

"अर्धा शेर अर्धा शेरच असतोय."

अव्वानं कपाळावर हात मारला. मग तिनं मुलीला पारड्यातून उतरवलं, पान मांडलं आणि भज्जी वाढली. आधी स्वतः बोटावर घेऊन चाखली.

"मीठ बरोबर पडलंय. किती घातलं?"

"तीन तोळे दोन मासे."

"चवीपुरतं म्हन, मेल्या!"

मुलगी डोळे पुसत जेवायला बसली. अव्वा समोर बसून तिचे घास मोजत होती, हे तिच्या ओठांवरून कळत होतं. तिसरा घास गेला, आम्ही सगळे थांबलो. चौथा गेला. दहावा गेला. एक भाकरी संपली. भज्जी दोनदा घेतली, आंबील वाटीभर प्यायली, परत मागून घेतली. शेवटी अव्वानं तो गुळाचा खडा फोडला आणि एक तुकडा तिच्या तोंडात घातला. "हे खा. बांधून आणलेलं खोटं आसंल. पोटात गेलं की तुझं."

मग मला काय झालं कोण जाणे. घरातले थोरले, दीर, सालगडी, सगळे बसलेले. मी पदराआडून म्हणाले, "आता तोला."

त्यांच्याशी मी आयुष्यात बोललेले शब्द हे एवढेच. सगळ्यांनी वळून पाहिलं, आणि मी कोपीमागं पळाले. त्यामुळे मला काटा दिसला नाही, फक्त ऐकू आलं. आधी पारड्यात वजनं वाजली. मग मोंढ्यातला तो मोठा आवाज, "लाभ!"

दुसऱ्यांदा तोलताना दोन म्हणायला हवं होतं. इतक्या वर्षांत मोजण्यात त्यांची झालेली चूक मी ती एकच ऐकली. आणि अव्वा म्हणत होती, "भरली रे बाबा, भरली. उतरव आता तिला, उलटी करंल."

गाठोडं रिकामंच उदगीरला गेलं.

पुढे गडबडीचे दिवस आले, मोंढा कितीदा बंद राहिला, राज्य बदललं. मुलगी लोह्याला दिली. आता तिला पाहिलंत तर दोन माणसांनी पारड्यात बसवावी लागेल. ती मुलांना खा म्हणत नाही, म्हणे. चिंच, मीठ, तिखट त्यांच्याकडूनच तोलून घेते. मापाडी शेवटी तिच्याकडेच गेले, तिथेच वारले. त्यांच्या दिवसकार्यानंतर ती मला भेटायला आली आणि एक पुडकं दिलं. छोटा तराजू, आणि माझ्या चिठ्ठ्या. तेलकट झालेल्या, घडीवर फाटलेल्या. "बानं सांगितलं व्हतं, वहिनींचं हाय, वहिनींना दे."

मी ते फळीवर ठेवून दिलं होतं. पण अलीकडे नातू ताट सरकवतो. "आज्जी, खारट." दुसऱ्या दिवशी म्हणतो अळणी. बोटांना आता पूर्वीसारखं कळत नाही. परवा मी माझी चिमूट तोलून पाहिली. ती चिठ्ठीतली राहिलेली नाही.

म्हणून आता दुपारी सगळे निजले की मी चिठ्ठी उघडते आणि मीठ तोलून वरणात घालते. पहिलं पारडं उतरलं की लाभ म्हणते. हळूच. कुणी ऐकलं तर लाज वाटेल.