जाड तवा

वैजयंतीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. लंडनच्या हॅरोमधल्या डब्यांच्या किचनमध्ये शिरली की कोट काढायच्या आधी ती लोखंडी तव्याखाली बारीक गॅस लावायची. तवा तिचा स्वतःचा, सोलापूरहून सामानात आणलेला. जाड लोखंड तापायला वेळ खातं, पण एकदा कडेपर्यंत तापलं की ओली भाकरी पडली तरी निवत नाही. भाकरीवर पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची आणि शेवटी थेट जाळावर धरायची. आतल्या ओलीची वाफ झाली की भाकरी टम्म.

डबे पोचवणारा जयंत तव्याकडे बघून रोज विचारायचा, “ताई, तुमचे साहेब तापले का?”

“तापतील. तुझ्यासारखे लोळत नाहीत.”

किचन सुनेत्राचं. पण “ताई, हे आपलं दोघींचं,” असं म्हणायची तीच. एका हिवाळ्यात म्हणाली, “मला शिकवा ना भाकरी. घरच्यापुरती.” वैजयंतीनं हात धरून शिकवली. राखून काही ठेवलं नाही.

मार्चमधल्या एका सोमवारी वैजयंती आली, तर दिवे आधीच लागलेले. शेगडीवर नवे, पातळ तवे. पुढे एक अनोळखी बाई, आणि सुनेत्रा तिला सांगत होती, “पाण्याचा हात सगळीकडे फिरव, कड कोरडी ठेवू नकोस.” शब्द वैजयंतीचे. लोखंडी तवा खाली, पोछ्याच्या बादलीशेजारी.

“एवढा आठवडा करा, ताई. मग आराम. दमता हो तुम्ही.”

“मी दमले, असं कधी म्हटलं?”

सुनेत्रानं मान वळवली. “तुमचा तवा तापेपर्यंत हिची अर्धी परात संपते.”

“पातळ तवा भाकरी टाकताच निवतो. चामट होतील.”

“बघू.”

तो आठवडा वैजयंतीनं अंग चोरलं नाही. शनिवारी तवा पिशवीत घालून निघाली.

पुढे जयंत बसस्टॉपवर भेटला.

“भाकऱ्या कशा होतात रे?”

“चामट.”

“मग लोक काय म्हणतात?”

“काही नाही, ताई. खातात.”

सुनेत्राच्या बोलण्यापेक्षा हे जास्त लागलं.

घरी तिच्याकडे विजेची शेगडी. जाळ नाही, म्हणून इतकी वर्षं घरी भाकरी केलीच नव्हती. किचनमधली उरलेली, गार झालेली भाकरीच ती घरी न्यायची. शेवटच्या पगारातून तिनं जुनी गॅसची शेगडी घेतली, जोडणाऱ्याला त्याची मजुरी दिली. पहिली फुगलेली भाकरी तिनं उभ्यानंच खाल्ली, बोटं भाजत.