आक्काचं लंकेला जाणं

माझी थोरली जाऊ चंद्राबाई. गाव तिला आक्का म्हणतं, मी बी आक्काच म्हणती. वय अठ्ठावन्न. आमचं गाव पाटणच्या वर, कोयनेच्या अंगाला. आमच्याकडं भूकंपाचा धक्का बसला तर माणसं आधी चुलीवरचा चहा उतरवत्यात आणि मग अंगणात येत्यात, एवढी सवय झालीया. पण आक्काचं तसं न्हाई. ती पोस्टमनला भ्यायची. दारात खाकी दिसली की ही मागच्या दारानं गोठ्यात. मी वीस वर्षं अंगणवाडी सांभाळली, रडून आकांत करणारी पोरं गप केली, पण हिच्या भ्यावर माझ्याकडं औषध न्हवतं. लय वेळा मी तिच्यावर खेकसले बी. माझा सोभावच मेला तसा, तोंड म्होरं आणि डोकं मागनं.

तिचा नवरा अर्जुना मोरे, म्हंजी माझं थोरलं भावजी, मिलिटरीत शिपाई. लग्नाला दीड वर्ष झालं आणि त्यांची पलटण शांतिसेनेत श्रीलंकेला गेली. सत्त्याऐंशी साल. पुढच्या वर्षी कागद आला. त्यात लिहिलेलं की जवान बेपत्ता हाय, त्याला मृत समजण्यात यावं. ना देह आला, ना राख. एक पत्र्याची ट्रंक तेवढी आली.

सासूबाईंनी तो कागद वाचून घेतला आणि म्हणल्या, "समजायचं का न्हाई त्ये माझं मी बघंन." त्यांनी सुनंच्या बांगड्यांना कुणाला हात लावू दिला न्हाई. म्हणल्या, माझं लेकरू येणार, आणि आल्यावर त्यानं बायकोचं मोकळं कपाळ बघायचं व्हय? झालं. आक्काचं कुंकू ऱ्हायलं, मंगळसूत्र ऱ्हायलं. सासूबाई गेल्या तरी ऱ्हायलं. संक्रांतीला गावच्या बायकांना दरसाल पेच पडायचा, हिला वाण द्यायचं का न्हाई. कुणी द्यायच्या, कुणी तोंड चुकवून म्होरं जायच्या. मी मातर दरसाल पहिलं कुंकू आक्काच्या कपाळाला लावायची, आणि कुणी नाक मुरडलं तर तिथल्या तिथं तिचा उद्धार करायची.

आणखी एक सांगायला पायजे. शेजारच्या गावचा लालासाहेब भावजींच्याच पलटणीत व्हता. सुट्टीवर आला तवा यात्रेत पिऊन बरळला, "अर्जुना कशाचा मरतोय! त्यानं तिकडं बाई ठेवलीया, दुकान टाकून बसलाय गडी." दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आला आणि म्हणाला, मी असं बोललोच न्हाई. पण तवर सगळ्या खोऱ्यात झालं व्हतं. आक्काच्या कानावर गेलं का न्हाई मला ठाऊक न्हाई. तिनं कवा विषय काढला न्हाई, आणि मी काढायचं धाडस केलं न्हाई.

माझा ल्योक ऋषिराज सांगलीला नोकरीला हाय. त्यानं मोबाईलवर एक फोटो दाखवला. कोलंबोजवळ आपल्या जवानांचं स्मारक हाय, काळा दगड, त्यावर सगळी नावं कोरल्यात. नावं इंग्रजीत, आणि फोटोत अक्षरं काय लागंनात. पोरगं म्हणालं, "थोरल्या आईला घिऊन जावा की. सांगलीच्या बाळासोंची आठ दिवसांची ट्रिप निघतीया. सगळी लंका बसनं फिरवत्यात, शेवटच्या दिवशी तिथं नेत्यात." मला वाटलं, आक्का ऐकल्याबरोबर गोठ्यात पळंल. तिनं मोबाईल हातात घिऊन फोटो डोळ्याजवळ धरला. मंग म्हणाली, "मनू, तुला इंग्रजी वाचता येतंय न्हवं?"

"अक्षर लावून येतंय की."

"मंग चल."

बसमधी आमी अठ्ठावीस जणं, बहुतेक वाळवा-तासगावची बागायतदार मंडळी. कुणाचा ऊस, कुणाची द्राक्षं. बाळासो माईक घिऊन बडबड करणार, आणि तिकडचा वाटाड्या निमल मोडक्या हिंदीत गोष्टी सांगणार. भाईर बघावं तिकडं हिरवंगार, नारळीवर नारळी, आणि अंगाला चिकटणारा उकाडा. लुगडं अंगावर वाळतच न्हवतं. माणसं खूश व्हती. रावणाची गुहा, सीतामाईचं देऊळ, फोटोवर फोटो. मी खूश व्हायला बघायची, पण शेजारी आक्का बसलेली. तिचा हात माझ्या मनगटावर, आणि तो हात सारखा गार.

पहिल्याच दिवशी मागच्या सीटवरच्या धोंडुबाईनं तिच्या कुंकवाकडं बघत इचारलं, "तुमचं मालक न्हाई आलं?"

आक्का म्हणाली, "मिलिटरीत हायती."

धोंडुबाई हिशेब कराय लागली. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईचा नवरा अजून मिलिटरीत कसा? तिनं तोंड उघडायच्या आत मी मागं वळले. म्हणलं, "आवं, तुमी चिवडा खावा की. सादळतोय बघा." तिनं परत कवा इचारलं न्हाई, पण बसभर कुजबूज झालीच. त्या दिवसापासनं मला बी भ्या वाटाय लागलं. तवर मी नावाचा इचारच केला न्हवता. नाव दगडावर असलं तर? तर सदतीस वर्षं टिकवलेलं कुंकू मीच वाचून पुसणार, दुसरं कोण? तिला इंग्रजी येत न्हाई. म्हंजी ते पाप माझ्याच तोंडनं व्हायचं.

तिसऱ्या दिवशी जंगलातल्या रस्त्यावर हत्ती आडवा आला. एकटा, काळाकभिन्न, सुळ्याचा. बस थांबली. निमलनं ओठावर बोट ठेवलं आणि खिडक्या लावायला सांगितल्या. हत्ती डुलत डुलत बसला घासून चालला, सोंड काचंवरनं फिरवत. धोंडुबाई देवाचं नाव घ्यायचं सोडून रडाय लागली. आणि आक्का? ती त्याच्याकडं निवांत बघत व्हती.

हत्ती रानात गेल्यावर मी इचारलं, "आवं आक्का, पोस्टमनला भेताय आणि ह्याला न्हाई?"

ती म्हणाली, "ह्येला काय भ्यायचं? ह्यो काय वळखीचा हाय?"

मला तवा ते कळलं न्हाई. मी हसले.

मंग बस डोंगरात चढली. चहाचे मळे, आपल्या कुंभार्ली घाटावानी वळणं, खाली बघवत न्हाई अशी दरी. सगळी घाटाला भेत व्हती आणि आक्का रस्त्याकडंच्या माणसांला. माझ्या ध्यानात आलं की ती म्हाताऱ्या गड्यांची तोंडं बघतीया. टपरीवर बसलेला असू दे, सायकल ढकलत चाललेला असू दे, साठीच्या पुढचा गडी दिसला की हिची मान त्याच्यासंगं वळायची. मला वाटलं, बिचारी अजून आस धरून हाय.

पाचव्या दिवशी सकाळी एका दुकानाम्होरं बस चहाला थांबली. दुकानात एक म्हातारा गल्ल्यावर बसलेला. रंग आपल्यासारखा, मिशा पांढऱ्या, बसायची ढब मिलिटरीतल्यावानी ताठ. मी सुदिक दचकले. भावजींचा फोटो घरात रोज बघती मी. आक्का जिथल्या तिथं थिजली. मंग तिनं पदर तोंडावर घेतला आणि सरळ माझ्या पाठीमागं लपली. तिचं दात वाजलेलं मला ऐकू आलं.

"बघा की म्होरं होऊन," मी म्हणलं. "इचारू का मी?"

"नगं! नगं इचारू. चल हितनं. बिगी बिगी चल, मनू, तुझ्या पाया पडती."

इतक्यात त्या म्हाताऱ्यानं आतल्या पोरीला तमिळमधी हाक मारली, उठला, आणि लंगडत आत गेला. उठल्यावर दिसलं, भावजींपेक्षा वीतभर उंच आणि कानाचं पाळं तुटलेलं. त्यो ह्यो न्हवं. आक्का बसमधी येऊन बसली ती दिवसभर जेवली न्हाई. मी मनात म्हणलं, आस तुटली म्हणून असं झालं. मी पण काय शहाणी! आस धरलेलं माणूस पाठीमागं लपतंय व्हय? पण तवा मला ते सुचलंच न्हाई.

शेवटच्या दिवशी दहाच्या सुमाराला स्मारकावर आलो. मोकळी, झाडून काढलेली जागा. मधी काळ्या दगडाची भिंत, त्यावर वरपासनं खालपर्यंत नावंच नावं. बसमधला गलका आपोआप बंद झाला. सगळ्यांनी चपला काढल्या. बाळासोंनी फुलं आणलेली, ती ठेवली. मंग मंडळी हळूहळू शेजारच्या तळ्याकडं सरकली आणि दगडाम्होरं आमी दोघी ऱ्हायलो.

"वाच," आक्का म्हणाली. माझं मनगट सोडून दोन पावलं मागं उभी ऱ्हायली.

मी बोट लावून वाचाय लागले. ऊन दगडावर चकाकत व्हतं. सिंग, थापा, पाटील, नायर, यादव. एवढी माणसं! एकेका नावामागं एकेक घर. मी देवाला म्हणत व्हते, नको सापडू दे, नको सापडू दे. आणि सापडलं. माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर. शिपाई अर्जुना मोरे.

मी बोट तिथनं काढलं. म्होरची चार नावं उगंच वाचली. मंग मागं वळले. आक्काचं कुंकू घामानं ओघळून नाकापर्यंत आलेलं, आणि डोळं माझ्या तोंडावर रोखलेलं. न्हाई वो झालं माझ्यानं.

"न्हाई," मी म्हणलं.

"नीट बघितलंस?"

"दोनदा बघितलं. भावजींचं नाव न्हाई, आक्का."

मला वाटलं ती सुस्कारा सोडंल. ती तिथंच फरशीवर मटकन बसली. तोंड राखंसारखं झालेलं.

"म्हंजी खरंच व्हतं," ती म्हणाली. "लालासाहेब खरं बोलला व्हता."

म्हंजी ते बरळणं तिच्या कानावर गेलेलं व्हतं तर.

आणि मंग ती बाई ओरडली. चाळीस वर्षांत जिचा आवाज उंबऱ्याभाईर गेला न्हाई ती आक्का, दगडाकडं हात करून. "मुडद्या! जित्ता ऱ्हायलास आणि आला न्हाईस व्हय रं? तुझ्या आईचं हागणं-मुतणं मी काढलं. तुझ्या नावाचं कुंकू लावून गावच्या बायकांची थुंकी झेलली. दारात कोन आलं की माझा जीव जायाचा, तू आलास का काय, दुसरीला घिऊन आलास का काय! तुझं वाटोळं हुईल रं, भाड्या! मेला असतास तर बरं झालं असतं! निदान रडले तरी असते मी!"

तळ्याकडची माणसं वळून बघाय लागली. मी धावले, तिच्याम्होरं गुडघं टेकलं. "आक्का, हाय! नाव हाय! मी खोटं बोलले."

"आता बरं वाटावं म्हणून सांगतीस."

"तुमच्या गळ्याची आण, हाय! चला, दावती."

"मला काय वाचता येतंय! तू कायबी दावशील."

मी निमलला हाका मारल्या. बिचारा पळत आला. त्याला काय बी न सांगता मी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणलं, वाच. त्यानं वाकून, त्याच्या त्या वेगळ्याच ढंगात, मोठ्यानं वाचलं. "सिपॉय अर्जुना मोरे." मंग आमच्या तोंडाकडं बघून टोपी काढली आणि मागं सरला.

आक्का उठली. मी तिचा हात धरून अक्षरांवर ठेवला. दगड उन्हानं तापलेला, पण तिनं हात काढला न्हाई. आता ती कपाळ पुसंल, ऊर बडवंल, म्हणून मी बघत व्हते. तिनं तसलं काय केलं न्हाई. नुसती बोटं फिरवत ऱ्हायली, एकदा, दोनदा.

"आलं न्हाईत," ती हळू म्हणाली, "म्हंजी येताच आलं न्हाई त्येस्नी."

"व्हय, आक्का. मला माफ करा. तुमचं कुंकू बघून माझी जीभच उचलंना."

ती वळली. तिच्या तोंडावर राग न्हवता. राग असता तर बरं वाटलं असतं मला. सदतीस वर्षांत तिला भेलेली मी लय येळा बघितली, पण एवढी कवाच न्हाई.

"मनू," ती म्हणाली, "एवढ्या वरसांत मनात सुदिक शिवी दिली न्हवती मी त्येस्नी. आज दिली. आणि त्ये हितंच व्हतं गं."