रंगनाथचे मोकळे तीन किलो

मिरजगावच्या धान्य बाजारात रंगनाथने चाळीस वर्षं पोती उचलली आणि मी, भागवत मापाडी, तीच पोती काट्यावर तोलली. त्यामुळे त्याच्या पाठीबद्दल बोलायचा हक्क त्याची बायको बनुबाई सोडली तर फक्त माझा. गेल्या वर्षी त्याने हमाली सोडली आणि या हिवाळ्यात, बासष्टाव्या वर्षी, गडी ट्रेकला निघाला! त्याच्यापेक्षा मलाच जास्त आनंद झाला होता. माझे गुडघे धड असते तर मी मागे राहिलो नसतो.

झालं असं, की सोलापूरहून भंडारदऱ्याला निघालेली पोरापोरींची बस आमच्या हायवेवर चहाला थांबली होती. एका पोरीची बॅग तिला मागे ओढत होती. रंगनाथला ते बघवेना. त्याने बॅग उघडायला लावली, जड सामान पाठीला चिकटवून मधोमध लावलं, हलकं तळाशी कोंबलं. पोरगी दोन पावलं चालली आणि ओरडली, "काका, वजन गेलं कुठं?"

त्यांची म्होरकी मोनिका तिथेच म्हणाली, "पुढच्या महिन्यात रतनगड ते हरिश्चंद्रगड. तीन दिवस, तंबूत मुक्काम. काका, तुम्ही चलाच." नियम मात्र एकच होता. बॅग दहा किलोच्या आत. बसच्या दारातच वजन होणार, जास्त भरलं तर माणूस खालीच राहणार.

मग महिनाभर रंगनाथने सगळ्या बाजाराचं डोकं खाल्लं. नगरहून बॅग आणली. "भागवता, हा कमरंचा पट्टा बग. आमच्या टायमाला आसता तर!" नवे बूट पायात बसावेत म्हणून तो रोज ते घालून पोत्यांच्या थप्प्यांमधून नवरदेवासारखा मिरवायचा. हसणाऱ्यांत मीच पहिला होतो, पण बुटाच्या नाड्या कशा बांधायच्या ते मोबाईलवर मीच शोधून दिलं.

शुक्रवारी संध्याकाळी पाचला बस येणार होती. चारलाच तो बॅग पाठीवर टाकून माझ्या काट्यापाशी हजर. मागे बनुबाई.

"नऊ किलो आसंल," तो म्हणाला.

मी मान डोलावली. हा माणूस पोत्यावर नुसता हात ठेवून "किलोभर कमी हाय" म्हणायचा आणि कधी चुकायचा नाही. तरी सवयीने बॅग काट्यावर ठेवली. सतरा किलो!

"काटा बिघडलाय तुजा."

"चाळीस वर्षं नाही बिघडला, तो आजच बिघडला व्हय?" माझा पारा चढला. माझ्या काट्याला नाव ठेवलेलं मी सख्ख्या बापाचंही ऐकून घेतलं नव्हतं.

मग चूक माझ्या ध्यानात आली. पन्नास किलोच्या खाली या माणसाच्या पाठीला वजन कळतच नाही. दहा काय, सतरा काय, त्याला सगळं रिकामंच. आणि बसला उरला होता एक तास. रंगनाथचं तोंड एवढंसं झालं.

"उघड," मी म्हणालो.

आतून शेंगदाण्याचे लाडू निघाले, वीस जणांना पुरतील एवढे. "कुनाला भूक लागली तर?" दोन जास्तीच्या चादरी. "कुनी गारठलं तर?" जाडजूड दोर. "कुनी घसरलं तर?" पाच लिटर पाण्याचा कॅन. "कुनाचं पानी संपलं तर?"

बनुबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. "आन् यात तुमचं काय हाय वो?"

तो खरोखर शोधायला लागला. झोपायची पिशवी, एक स्वेटर, कानटोपी, सदरा, बॅटरी. एवढंच निघालं. मला एकदम वाईट वाटलं. हा कायम दुसऱ्यांचंच ओझं वाहतो, हे इतक्या वर्षांत माझ्याही लक्षात आलं नव्हतं. मी नुसते आकडे वाचत बसलो होतो.

मग तिघांनी मिळून बॅग पुन्हा भरली. त्याच्यापुरतं पाणी, त्याच्यापुरते लाडू, त्याचे कपडे. काटा सातावर थांबला.

"अजून तीन किलो बसतंय," मी म्हणालो. "एक चादर टाक."

त्याचा हात चादरीकडे गेला आणि थांबला. "राहू दी," तो म्हणाला.

आम्ही हायवेवर पोचलो आणि बस आली. मोनिकाने बॅग हातकाट्याला लटकवली. "सात! वा काका!" उरलेले लाडू बनुबाईने खिडक्यांतून पोरांना वाटून टाकले. "खाऊन घ्या. पोटात गेलं की काट्यावर दिसत न्हाई."

तेवढ्यात ती मागच्या वेळची पोरगी खिडकीतून ओरडली, "काका, तुमच्याकडे जागा आहे ना? माझं थोडं घ्या की!"

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. रंगनाथचा हात पुढे झालाही. मग त्याने बनुबाईकडे पाहिलं.

"न्हाई पोरी," तो म्हणाला. "तीन किलो मोकळं ठिवलंय. आजवर माज्यासाठी कुनी ठिवलं न्हाई."

आणि बॅग पाठीला लावून तो पायऱ्या चढला. बनुबाईने भर हायवेवर टाळ्या वाजवल्या.