सात कासवांच्या सिस्टर

पाटणकर सिस्टर कुणाच्याही घरी गेल्या की चपला काढायच्या आणि आधी घरातली उत्तर दिशा शोधायच्या. आमच्या मीरा रोडला घरोघरी कासव ठेवायची टूम आली होती, तेव्हाची गोष्ट. उत्तरेला जिवंत कासव ठेवलं की लक्ष्मी टिकते असं कुणीतरी सांगितलं आणि सगळ्यांनी ऐकलं. मीही ऐकलं. बिस्किटाएवढं, कानाशी लाल रेघ असलेलं कासव काचेच्या वाडग्यात घालून आणलं आणि मोबाइलवर दिशा बघून कोपरा पक्का केला. आमच्या सत्यनारायणाला सिस्टर प्रसादाला आल्या. मुंबईच्या एका इस्पितळातून निवृत्त होऊन आमच्याच मजल्यावर नुकत्याच राहायला आलेल्या, एकट्या. प्रसाद राहिला बाजूला, त्यांनी वाडग्यात हात घातला, कासव उचललं आणि अंगठ्याने त्याची पाठ दाबली. पाठ आत गेली, भिजलेला पुठ्ठा जावा तशी.

"ऊन कुठाय याला?" त्यांनी भर पूजेत विचारलं.

"सिस्टर, ते उत्तरेलाच ठेवतात," बायको म्हणाली.

"उत्तरेला ऊन येतं कधी? हाडं मऊ पडलीत त्याची. अजून दोन महिने लक्ष्मी सांभाळेल, मग जाईल."

गुरुजींची पोथी थांबली. मला राग आला, खोटं कशाला सांगू? पण दुसऱ्या दिवशी वाडगा घेऊन मीच त्यांच्या दारात उभा होतो.

गच्चीवर त्यांनी एक जुनी पाण्याची टाकी आडवी कापून घेतली होती. त्यात कासवाला बुडी मारता येईल इतकं पाणी, एका बाजूला विटांवर तिरकी टेकवलेली कडाप्पाची लादी आणि अर्ध्या भागावर सावलीला गोणपाट. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मगच टाकीत जायचं. "पोहायला पाणी, सुकायला जागा, अंगाला ऊन. मी काय फाइव्ह स्टार मागतेय का?" हे त्या गच्चीवर येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायच्या. तिसऱ्या मजल्यावरच्या गुजराती बाईंना हिंदीत दम द्यायच्या, "भाभी, ये शोपीस नहीं है, पेशंट है." कासव बशीएवढं झालं, वास मारायला लागलं, की लोक लक्ष्मीबिक्ष्मी विसरून ते सिस्टरांच्या दारात ठेवून जात. अशी सात जमली. माझं त्यातलंच एक. वर्षभरात त्याची पाठ टणक झाली. सिस्टरांनी माझा अंगठा धरून त्यावर दाबला आणि म्हणाल्या, "बघ. डिस्चार्ज द्यायच्या लायकीचा झालाय, पण घेऊन जायला कोण येणार?"

त्या फार गोड बाई होत्या असं नाही. तोंडाला फटकळ, हिशेबाला पक्क्या, आणि कुणी कासवाला चपातीचा तुकडा टाकला तर त्याची सात पिढ्यांची अक्कल काढायच्या. पण कडक उन्हात गोणपाट भिजवायला दिवसातून तीनदा जिने चढायच्या, आणि तेही दुखऱ्या गुडघ्यांनी. त्याच जिन्यावर एक दिवस त्या पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. रिक्षात बसवताना माझ्या हातात गच्चीची किल्ली दिली. "माझी माणसं आता तुझ्याकडे."

एकोणीस दिवस मी पाणी बदललं, माठाची पानं घातली, लादी घासली. मग सोसायटीचं वॉटरप्रूफिंग निघालं. कंत्राटदार म्हणाला, उद्या गच्ची रिकामी पाहिजे. सिस्टरांना विचारायला हवं होतं. पण त्यांना अंथरुणात कशाला घोर, असं वाटलं. घरात बादल्यांत ठेवणं जिवावर आलं. जागा मोठी हवी, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. आणि मी रत्नागिरीचा. आमच्याकडे किनाऱ्यावर कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात, गाव गोळा होतं, म्हातारे हात जोडतात. समुद्रापेक्षा मोठी जागा कुठली? सात कासवं दोन बादल्यांत घालून रिक्षाने उत्तनच्या किनाऱ्यावर गेलो आणि एकेक सोडली. मोबाइलवर व्हिडिओ काढला. डोळे भरून आले होते माझे.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात मोठ्या अभिमानाने तो व्हिडिओ दाखवला. सिस्टरांनी शेवटपर्यंत पाहिला. एक कासव लाटेतून वळून परत वाळूवर येतं, मी हसत त्याला पुन्हा पाण्यात ढकलतो, तिथे त्यांनी बोट ठेवून व्हिडिओ थांबवला.

"ही गोड्या पाण्यातली आहेत रे," त्या म्हणाल्या. "समुद्रातल्या कासवांना वल्ह्यासारखे पाय असतात. यांना बोटं आहेत, नखं आहेत. रोज हातात धरत होतास ना?"

धरत होतो. ती नखं माझ्या मनगटाला लागतसुद्धा होती.

मी तडक उत्तनला गेलो. मासळी वाळत घालणाऱ्या एका बाईला विचारलं. ती म्हणाली, "सकाळच्याला दोन आल्ते वर, रेतीवर चालत. आमी परत पाण्यात सोडले. देव हाय तो, मरू द्यायचा न्हाय." बोलताना ती इतकी समाधानी होती की मला तिला खरं सांगवेना. अंधार पडेपर्यंत किनारा पालथा घातला. काही सापडलं नाही.

परत इस्पितळात आलो तेव्हा भेटायची वेळ संपत आली होती. सिस्टरांनी डोळे उघडले. मी सांगितलं, दोन परत आली होती, लोकांनी पुन्हा आत सोडली.

"कुठली दोन?" त्यांनी विचारलं.

मी विचारलंच नव्हतं. विचारून तरी काय? एकोणीस दिवस सांभाळूनही मला त्यांतलं एक दुसऱ्यापासून ओळखता येत नव्हतं, माझं स्वतःचंसुद्धा. सिस्टर वाट बघत होत्या, माझ्याकडे बघत. मग त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

त्यांच्या छातीत कफ झाला आणि चौथ्या दिवशी त्या गेल्या. मधले तीन दिवस मी रोज जात होतो. माझ्याशी त्या एक शब्द बोलल्या नाहीत.