आज कुठला सीन?

भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की मी हसणाऱ्यांतला. सतरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करतोय. जे दिसतं त्याला कारण असतंच, यावर माझं पोट चालतं. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण आता विचारू तरी कुणाला?

आम्ही सिंगापूरला, बिशानमध्ये नवव्या मजल्यावर राहतो. मी, आमची आठवीतली मुलगी इरा, आणि चार महिन्यांपूर्वीपर्यंत माझी बायको मीरा. आमचा मित्र शेखर इथल्याच मराठी लोकांना घेऊन सिनेमा करत होता. सगळे नोकरीवाले, त्यामुळे शूटिंग फक्त शनिवार-रविवार. मीरा नायिका. मला अभिनयाचा गंध नाही, म्हणून शेखरने पडद्यामागचे व्हिडिओ माझ्या गळ्यात मारले. "हे टाकत राहिलो तरच लोक शोला येतील," म्हणाला. आणि लोकांना ते आवडायलाही लागले — मीरा डायलॉग विसरून जीभ चावतेय, कांदा चिरताना खरोखरच रडतेय... प्रत्येक क्लिपची सुरुवात माझ्या ठरलेल्या प्रश्नाने, "बोला मॅडम, आज कुठला सीन?"

"तू कधी येणार रे कॅमेऱ्यासमोर?" ती विचारायची.

"सिनेमा संपला की तू काढ माझे व्हिडिओ," मी म्हणायचो.

शूटिंग संपलं आणि तीन आठवड्यांत ती गेली. मेंदूत रक्तस्राव. शेवटचं बोलणंसुद्धा झालं नाही.

शो पुढे ढकलला. "व्हिडिओचं राहू दे, दुसरं कुणीतरी करेल," शेखर म्हणाला. मी हट्टाला पेटलो, मीच करणार. खरं सांगू? सिनेमा गेला खड्ड्यात, मला तिचा आवाज हवा होता. त्याच त्या क्लिप वेड्यासारखा ऐकायचो आणि म्हणायचो, मीरा, एकदा तरी बोल गं माझ्याशी.

तो शनिवार होता. इरा ट्यूशनला गेलेली, बाहेरच्या ग्रिलला कुलूप. मी डायनिंग टेबलवर लॅपटॉप घेऊन एडिटिंग करत होतो. फोन किचनच्या ओट्यावर चार्जिंगला. सहाच्या सुमाराला उठलो तर फोनची वायर निघालेली, आणि गॅलरीत एक नवी क्लिप. दुपारी तीन बेचाळीसची. एकवीस सेकंदांची.

सुरुवातीला आमचा ओटा दिसतो. मग चित्र हलत पुढे येतं, कुणीतरी फोन हातात धरून चालल्यासारखं. टेबलाला वळसा घालून माझ्यासमोर थांबतं. मी मान खाली घालून बसलोय. आणि फोनच्या मागून, अगदी जवळून आवाज येतो —

"बोला साहेब, आज कुठला सीन?"

पुढे काहीच नाही. आठ सेकंद फोन तसाच धरलेला... मी मान वर करत नाही. क्लिप संपते.

इरा आल्यावर काही न सांगता तिला दाखवली. तिने दोनदा पाहिली.

"बाबा, दॅट्स आई," ती म्हणाली. मग रडायलाच लागली. "व्हाय यू नेव्हर आन्सर हर?"

शेखर म्हणतो, जुना आवाज कुठूनतरी मिसळला असेल. मी सगळं फुटेज तपासलं. 'साहेब' ती कुठेच म्हणालेली नाही. आणि आवाज मिसळला असला तरी फोन चालत कसा आला?

आता दर शनिवारी फोन त्याच ओट्यावर ठेवतो आणि टेबलाशी बसून मोठ्याने उत्तर देतो — आज शेवटचा सीन गं, आज गाण्याचा, आज तुझ्या हसण्याचा. नवी क्लिप आलेली नाही. कारण मला सापडलेलं नाही, आता शोधतही नाही.

फक्त एकच गोष्ट सहन होत नाही. त्या क्लिपमध्ये माझ्या कानांवर मोठे हेडफोन आहेत. ती समोर उभी राहून विचारत होती, आणि मी कान झाकून तिचाच आवाज ऐकत बसलो होतो.