प्रशिकच्या नावाने आज कोणीही धावू नका

प्रशिक थोडा आळशी असता तर आज जिवंत असता.

हे वाचून काही जणांना राग येईल. येऊ दे. मला वर्षभर येतोय.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रशिक वर्ध्याकडचा. पीएसआयच्या तयारीला पुण्यात आला आणि वारज्यात आमच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्याने राहायला लागला. मी तेव्हा फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला होतो. परीक्षा वेगवेगळ्या, चहा एकत्र.

सकाळी ग्राउंड, मग अभ्यासिका. संध्याकाळी परत ग्राउंड, परत अभ्यासिका.

डाएट म्हणजे उकडलेली अंडी आणि भिजवलेले हरभरे, तेही चालता चालता. अभ्यासिकेत टेबलाखाली अंडी सोलायचा. शेवटी तिथे पाटी लागली, ‘येथे अंडी खाऊ नयेत. वास सर्वांना येतो.’

आमची आई त्याला आग्रहाने जेवायला बसवायची. हा भराभर गिळून उठायचा.

"अरे, ताटावर बसलायस की बसस्टॉपवर?" आई विचारायची.

हा हसायचा आणि जायचा.

मी त्याला रिकव्हरी समजावून सांगायचो. स्नायू बनतात ते व्यायामानंतरच्या आरामात. वाचलेलं डोक्यात राहायलाही झोप लागते. हेच मी परीक्षेत लिहिलं तर मला मार्क मिळायचे. त्याच्यापुढे उपयोग शून्य.

"काऊन टेन्शन घेऊन राहिला बे? ग्राउंडवर डोक्याला आराम, अभ्यासिकेत पायाला आराम. दिवसभर आरामच तर करून राहिलो मी."

तो गंमत करत नव्हता. त्याचा हिशोब खरंच असा होता. पाय दुखले की अभ्यासाला बसायचं, डोकं दुखलं की धावायला जायचं. नुसतं पडून राहणं ही गोष्ट त्याच्या दिवसात कुठे बसतच नव्हती.

आणि आजूबाजूला शहाणे कमी होते का? "काय डेडिकेशन आहे", "मानलं भावा". तो पेंगत असेल तरी लोक त्याचे फोटो काढून स्टेटसला लावायचे.

मग त्याला ताप आला. अंग फणफणलेलं. मी म्हटलं, "चार दिवस गादीवरून हलायचं नाही."

"तू डॉक्टर हो आधी, मंग सांग."

दुसऱ्या दिवशी तापाची गोळी घेतली. ताप उतरला. याला वाटलं, आपण बरे झालो. अरे बाबा, गोळीने ताप उतरतो, आजार तिथेच असतो! पण हे ऐकायला हा घरात होता कुठे? बूट घालून कधीच गेला होता.

ग्राउंडच्या दुसऱ्या राउंडला पडला. मित्रांनी रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं. आम्ही पोहोचलो तेव्हा सगळं संपलं होतं.

डॉक्टर म्हणाले, "तापाचा परिणाम हृदयावर झाला होता. पडून राहिला असता तर बहुतेक वाचला असता."

पडून राहिला असता तर. बस, एवढंच करायचं होतं.

त्यानंतरच्या पोस्ट आठवतात? ‘शेवटच्या श्वासापर्यंत धावला.’ ‘योद्धा.’ त्याच्या फोटोवर संगीत लावून रील केले लोकांनी. मी एकही लाइक केला नाही. त्याच्या वडिलांना घेऊन हॉस्पिटलच्या पायऱ्या चढलो होतो मी. तिथे कोणी योद्धा नव्हता. एक पोरगा होता, पांढऱ्या चादरीखाली.

आता आजचं ऐका.

त्याची धाकटी बहीण सुजाता सध्या त्याच खोलीत राहते. तीच परीक्षा, तीच अभ्यासिका, तेच ग्राउंड. "दादाचं अर्धं राहिलं, ते मी पूर्ण करते," म्हणते. ठीक आहे, कर. हुशार आहे, होईल पीएसआय.

पण परवापासून तिला ताप आहे.

आणि ग्राउंडच्या ग्रुपने आज सकाळी ‘प्रशिक स्मृती रन’ ठेवला होता. टी-शर्टसकट. तापात धावून गेलेल्या माणसाच्या आठवणीत धावायचं. ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याने ते डोकं एकदा तपासून घ्यावं.

काल संध्याकाळी सुजाता खाली आली. डोळे लाल. म्हणाली, "गोळी घेतली. उतरला ताप. उद्या जाईन मी."

तोच चेहरा, तीच गोळी. मी ओरडलो, समजावलं, हात जोडले. ती एकच म्हणत राहिली, "दादासाठी सगळे पळतील अन् मी झोपून राहू?"

आई वर गेली आणि सुजाताचे रनिंगचे बूट घेऊन आली. बाथरूममध्ये साबणाच्या बादलीत बुडवले आणि दाराला बाहेरून कडी घातली.

"भिजत घातलेत. दोन दिवस वाळायचे नाहीत."

सुजाता आधी चिडली. मग तिथेच पायरीवर बसून रडायला लागली. आई तिच्याशेजारी बसली, तिच्या कपाळावर हात ठेवला.

"मागच्या वर्षी हे मला सुचलं नाही गं," आई म्हणाली.

मग दोघी रडल्या. मी गॅसवर भाताची पेज ठेवली, कारण दुसरं काही करता येत नव्हतं.

पहाटे मीच ग्राउंडच्या ग्रुपवर मेसेज टाकला की रन रद्द. दोन-तीन जणांनी रागाचे इमोजी पाठवले आहेत. चालेल. ज्यांना त्याच्यासाठी काही करायचंय त्यांनी आज पोटभर जेवा आणि दुपारी झोपा.

सुजाता अजून उठलेली नाही. आई दर थोड्या वेळाने वर जाऊन अंगाला हात लावून येते.

प्रशिक, तुझी फार आठवण येते, आणि तेवढाच रागही येतो.

जय भीम, भावा.