शेवटच्या खळग्यातली फुली

लॅबमध्ये तिला सगळे आक्का म्हणत. वीस वर्षं लोकांचं रक्त तपासून हात बसलेला. वापरलेल्या सुईला टोपण लावू नका, असं शिकाऊंना तीच दटावायची आणि स्वतः मात्र सवयीनं लावायची. एका दुपारी टोपण हुकलं, सुई अंगठ्यात गेली. रक्त बी-काविळीच्या पेशंटचं. आक्काचा लशीचा तिसरा डोस उद्या-उद्यात राहिलेला. शिकवणारीच चुकली म्हणतील, म्हणून तिनं तोंड उघडलं नाही.

दर पंधरवड्याला ती स्वतःचं रक्त काढून तपासणीच्या प्लेटमधल्या शेवटच्या खळग्यात घालू लागली. नावाच्या जागी नुसती फुली. सहाव्या आठवड्यात तो खळगा पिवळा झाला. विषाणूचं कवच रक्तात आलं होतं. पाहुणा घरात शिरला होता. आक्काला मात्र काहीच होत नव्हतं. महिन्याभरानं तोच पिवळा रंग तिच्या डोळ्यांत उतरला. आरशातून दोन खळगे तिच्याकडे बघत राहिले.

"किती लपवशील?" शेजारच्या टेबलावरचा जाड्या म्हणाला. "डोळेच चहाडी करतायत."

डॉक्टर म्हणाले, "सहा महिन्यांत गेला तर गेला. नाहीतर बहुतेक जन्माचं बिऱ्हाड."

घरी सासूनं तिचा कप वेगळा काढला.

"कपानं होत नाही हो, आई."

"तुला माहीत, मला माहीत. कपाला कुठं माहीत?"

पाचव्या महिन्यात खळगा कोरा राहिला.

"टळली पीडा," जाड्या म्हणाला. "चल, चहा पाज."

आक्का हलली नाही. पाहुणा गेला, तर त्याला परत येऊ न देणारा राखणदार, म्हणजे कवचाविरुद्धचं प्रतिद्रव्य, दिसायला हवं. तिनं तेही लावलं. तेही कोरं. आत पाहुणा नाही, दारात राखणदार नाही. भर दुपारी तिच्या अंगावर काटा आला. मग तिनं तिसरी तपासणी लावली, विषाणूच्या गाभ्याविरुद्धच्या ताज्या प्रतिद्रव्याची. तो एकच खळगा हळूहळू गडद होत गेला. जणू चूल विझलेली, पण राख अजून ऊन.

"चहा नको," ती म्हणाली. "अजून कुणीतरी आहे, नाहीतर आत्ताच उठून गेलंय."

सातव्या महिन्यात राखणदार आला. डॉक्टरांनी सुटलीस म्हटलं, सासूनं कप फडताळात परत ठेवला. आक्का आता सुई उघडीच जाड डब्यात टाकते.

वर्षातून एकदा ती शेवटच्या खळग्यांत आपलं रक्त घालते. कवचाचा खळगा कोरा असतो, राखणदाराचा भरलेला. गाभ्याविरुद्धच्या जुन्या प्रतिद्रव्याची खूण मात्र दर वर्षी पिवळी उमटते. ती जायची नाही, हे तिला ठाऊक आहे.

"आता तरी नाव लिही की," जाड्या म्हणतो.

आक्का फुलीच मारते.